ठेवणीतलं गिऱ्हाईक

जुन्या फर्निचरच्या त्या दुकानात धाकटी नेमकं काय करते, हे बाहेरच्या कुणाला सांगता आलं नसतं. ती बिलं करायची नाही की पॉलिश मारायची नाही. गिऱ्हाईक एखाद्या कपाटापाशी घुटमळू लागलं, की तिचा थोरला भाऊ मोजायची टेप गळ्यात अडकवायचा. ही खूण. मग ती मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत यायची आणि त्याच कपाटावर हात ठेवून म्हणायची, "आहे ना हे अजून? संध्याकाळी ह्यांना घेऊन येते." खरं गिऱ्हाईक तिथल्या तिथे पाकीट काढायचं. ती कधी नवी नवरी असायची, कधी शाळेतल्या बाई. एकदा तर विधवा होऊन तिने समोरच्या म्हाताऱ्याला रडवलं आणि पलंग खपवला. धंदा लबाडीचा, पण कसब अस्सल, एवढं तरी कुणीही मान्य करावं.

अशा धाकटीला अभिनय शिकवणाऱ्या संस्थेने परीक्षा घेऊन निवडलं. फी शनिवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्याकडे दमडी नव्हती, कारण "घरचंच तर दुकान आहे" म्हणत भावाने तिला कधी पगार दिलाच नव्हता. शनिवारी दुपारी दुकान रिकामं बघून तिने एकदाचं विचारलं.

दादा एका जेवणाच्या टेबलाच्या पायाला किडीने पाडलेली भोकं लांबीचा ओला लगदा भरून बुजवत होता. त्याने मानही वर केली नाही.

"नटी व्हायचंय? आरसे एवढे पडलेत दुकानात, एकात तरी बघायचंस."

"उसने दे, दादा. फेडीन मी."

"कशातून? मेलेल्या बाईचं काम मिळेल तुला. तेही तोंडावर चादर टाकून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझा निम्मा माल माझ्या अभिनयावर खपलाय."

"त्याला अभिनय नाही म्हणत, थापा म्हणतात. ड्रॉवरमधले पैसे उद्याच्या मालाचे आहेत. त्यातला छदाम मिळायचा नाही तुला. पुन्हा विषय काढलास तर घरात राहणंही विसर."

तेवढ्यात दार उघडलं. मागच्या आठवड्यातलं जोडपं आलं होतं, याच टेबलासाठी. धाकटीने गिऱ्हाईक बनून त्यांच्यासमोर हे टेबल हुकल्याबद्दल हळहळून दाखवलं होतं, तरी नवऱ्याने आज पुन्हा घासाघीस सुरू केली. दादा रागाने धुमसत होता, पण हाताला काय, सवय. टेप गळ्यात गेली.

धाकटी मागच्या दाराने निघाली. गल्लीत क्षणभर थांबली. मग पुढच्या दाराने आत आली आणि थेट भावासमोर उभी राहिली.

"टेबल यांनी ठरवलंय म्हणालात, म्हणून तुमच्या शब्दावर मी कपाट नेलं. नुसता भुसा पडतोय त्यातून. माझे पैसे परत द्या."

"अहो, या त्याच ना?" जोडप्यातल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या आणि वाकून टेबलाचा पाय चाचपू लागल्या.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. ही माझी बहीण आहे म्हणावं, तर गेल्या आठवड्यातली हळहळही उघडी पडणार. गप्प राहावं, तर बाईंचं बोट ओल्या लांबीकडे सरकत होतं.

"किती होते?" त्याने दातओठ खात विचारलं.

तिने फीचा आकडा सांगितला. आवाज असा कापरा लावला, की बाई पाय सोडून उठल्या आणि तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. "देऊन टाका हो बिचारीचे," त्या म्हणाल्या.

दादाने ड्रॉवर उघडला. नोटा तिच्या हातात कोंबत तो म्हणाला, "घ्या. आणि आजपासून तुमचा-आमचा संबंध संपला. इथे यायचं नाही, घराकडे फिरकायचं नाही."

गिऱ्हाइकाला घराचं कशाला सांगतात, हे त्या बाईंना कळलं नाही. धाकटीला कळलं.

ती फी भरायला निघाली. फुटपाथवर येऊन तिने नोटा मोजल्या; पुरेपूर होत्या. भावाने जन्मात पहिल्यांदा तिला परक्यासारखं अहो-जाहो केलं होतं. आणि दादाला नाटक येत नव्हतं. त्यासाठी तर त्याने तिला ठेवलं होतं.