पाद्र्याचे हात

टॅबिथा क्राउच वीस वर्षं लंडनातल्या हॅमरस्मिथच्या पोलार्ड फोटोवाल्याकडे लोकांचे गाल गुलाबी करत होती. फोटो निघायचे करडे. त्यांत रंग भरणं तिचं काम. खाटकाच्या बायकोच्या मिशा तिने दोन फटकाऱ्यांत उडवल्या होत्या. सल होता तो एकाच फोटोचा, बापाच्या. बाप कापड रंगवणारा रंगारी, जन्म निळीच्या पिंपात गेलेला, हात कायमचे निळे. पण फोटोच्या काचेवर निळं ते पांढरंच उमटतं, आणि नवखी टॅबिथा सांगितल्या कामाची. तिने त्या पांढऱ्या हातांना गुलाबी फासलं. बाप हसला होता, "पोरी, मला पाद्र्याचे हात लावलेस की." बाप गेला, फोटो घरच्या भिंतीवर तसाच राहिला.

त्या शुक्रवारी तिच्या टेबलावर आला एडमंड थॉर्नबरींचा मोठा फोटो. भिंतींच्या कागदांवर वेली काढणारे, कविता करणारे, चौकात खोक्यावर चढून कामगारांचं राज्य मागणारे, आणि आपलं कापड स्वतः रंगवणारे थॉर्नबरी. रविवारी कामगारांच्या सभागृहात तसबीर लागायची होती. विस्कटलेली दाढी, चुरगळलेला सदरा, आणि मांडीवर दोन गोरेपान हात! फोटोला आले त्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर उमटलेली निळी बोटं टॅबिथानेच पुसली होती. 

"हातांना साधा कातडीचा रंग दे, टॅबी," पोलार्ड म्हणाला. "मोठ्या घरचा माणूस आहे."

"त्यांचे हात निळे आहेत, मालक."

"माझ्या मेव्हण्याचं नाक लाल आहे. मी रंगवतो का तसं? निळे केलेस तर सोमवारपासून येऊ नकोस."

तिने निळा कालवला. जरा काळा, थेंबभर हिरवा, आणि बापाच्या मनगटाचा रंग बशीत अस्साच्या अस्सा उतरला. कुंचला असा धावला की चहा निवला तरी तिला भान नव्हतं.

शनिवारी दुपारी थॉर्नबरी आले. पोलार्डचा चेहरा पडला. "बाईची चूक झाली, साहेब. आत्ता पुसून देतो."

थॉर्नबरींनी आपला पंजा फोटोशेजारी टेकवला. "चूक आहेच. बाई, नखं बघा. नखांत निळा गडद असतो."

"असतो, साहेब. ठाऊक होतं. तेवढा धीर झाला नाही."

"मग आता करा."

तिने दहा नखं रंगवली. तसबीर काखोटीला मारून ते गेले. पोलार्ड बराच वेळ काचा पुसत राहिला.

"सोमवारी वेळेवर ये," शेवटी तो म्हणाला.

"येते. पण आत्ता जरा घरी जाऊन येते."

"जेवायला?"

"नाही," म्हणत तिने निळ्या बशीवर दुसरी बशी झाकली आणि कुंचला केसांत खोवला.