सातव्या मिनिटाचा डबा

आधुनिक अभिजात संगीत मला कळतं, असा माझा एकंदर पाच आठवडे समज होता.

त्याआधीची साठ वर्षं ते मला कळत नाही हेही ठाऊक नव्हतं. पण आमच्या मुक्ताने नीलशी लग्न केलं आणि जावई निघाला संगीतकार. पेटी-तबल्यातला नव्हे (तो निभावला असता). पियानोच्या पोटात हात घालून तारा खाजवायच्या, व्हायोलिनवर गज उलटा घासायचा, त्यातला. पोरगा गुणी, नम्र, फक्त हळवा. त्याची एक रचना ऐकून मी "छान आहे" म्हणालो, आणि संध्याकाळी मुक्ताचा फोन.

"बाबा, काय बोललात त्याला?"

"छान म्हणालो."

"त्याला खोटं कौतुक लगेच कळतं! सकाळपासून जेवला नाहीये. आता नवीन रचना पाठवतोय. नीट ऐका आणि मनापासून काय वाटतं ते सांगा. तुमच्या मताला फार मानतो तो."

माझ्या मताला कचेरीत शिपायानेसुद्धा कधी मानलं नव्हतं! मी लगेच अभ्यासाला बसलो. नुकताच निवृत्त झालो होतो, दुपारी घरी असणं ही नवलाई होती. जेवण आटोपलं की मागच्या पडवीत आरामखुर्ची टाकायची, उशाशी छोटा स्पीकर ठेवायचा आणि डोळे मिटायचे (जाणकार डोळे मिटूनच ऐकतात). परसात हापूसची कलमं बाळकैऱ्यांनी लवलेली. भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा पानांतून चाळून यायचा. स्पीकरमधून कुणीतरी एकच सूर लांब, लांब ओढत न्यायचं, आणि त्या सुराला धरून मीही कुठेतरी जायचो. बहुधा पाण्यावरून. खाली मासे, वर ढग, आणि कचेरीतली एकही फाईल नाही.

आणि मग, साधारण सातव्या मिनिटाला, तो क्षण यायचा! धडाम्! धडाम् धडाम्! पत्र्यावर आघात! त्यावर तारसप्तकात एका स्त्रीचा स्वर: "हूऽऽऽय! हूऽऽऽय!" मी खुर्चीत ताठ. अंगावर काटा. पुढची दहा मिनिटं ठोके कमी-कमी होत दूर विरत जायचे. रोज तिथेच, रोज तसंच. चार दिवसांत मी त्या जागेच्या प्रेमात पडलो. बाकीची रचना मला धूसरच आठवायची, पण एवढी जागा लख्ख.

नीलला फोन करून सांगितलं, "तुझ्या सातव्या मिनिटात जे आहे ना, ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ती खळबळ! ते आपलं काहीतरी हिरावलं जाण्याचं भय!"

पलीकडून नील म्हणाला, "बाबा, तुम्हाला ते ऐकू आलं?"

"स्पष्ट!"

त्या दिवशी तो दोनदा जेवला, असं मुक्ताने कळवलं.

मग मला आवरणं कठीण झालं. दोघं रत्नागिरीला येणार म्हटल्यावर मी शेजाऱ्यांना बोलावून संध्याकाळी पडवीत श्रवणाची बैठकच ठेवली. वर प्रास्ताविकही केलं. शेजारचे बंडूकाका म्हणाले, "टाळी कुठे वाजवायची तेवढं सांगून ठेव हो."

"सातव्या मिनिटाला. तिथे कळेलच."

सूर सुरू झाला, लांबत गेला. मी घड्याळावर डोळे ठेवून एक बोट उंच धरलं. सातवं मिनिट आलं आणि स्पीकर गप्प झाला. अर्धं मिनिट. एक मिनिट. माझं बोट वरच! शेवटी मी उठून स्पीकरला दोन चापट्या मारल्या.

"बाबा, काय करताय? ती शांतता आहे," नील म्हणाला. "दोन मिनिटांची. तीच तर तुम्हाला आवडली होती."

"शांतता? आणि तो पत्रा? ती बाई? का काढलीस? रचनेचा प्राण होता तो!"

"कोण बाई?"

मी खुर्चीवर थापा मारून, गळा ताणून सगळं म्हणून दाखवलं. सुमन, आमची ही, कोकम सरबताचा ट्रे घेऊन दारात येऊन थांबली.

"अहो, मी ती! वांदर हाकलत्ये रोज. गोड्यातेलाचा डबा आहे तो."

"पण तुझा आवाज मी ओळखला नसता होय?"

"कसा ओळखाल? तुमच्यावर ओरडायची वेळ कधी आली नाही. हळू बोलूनच भागतं. आणि दुपारचे घरी कधी होतात तुम्ही? तीस वर्षं वाजवत्ये!"

"मग टाळी आता वाजवायची का?" बंडूकाका.

मी नीलकडे बघायचं टाळत होतो. पाच आठवड्यांचं कौतुक आणि मुलीचा संसार, दोन्ही त्या ट्रेवर डुगडुगत होते. नील सरबत न घेता उठला. सासूपाशी गेला.

"आई, वानरं किती वाजता येतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कलमाच्या फांदीला ध्वनिमुद्रक टांगला. मला बजावलं, "बाबा, तुम्ही रोज बसता तसेच बसा." मी बसलो. वानरं वेळेवर आली, डबा वाजला, हूऽऽय झालं.

संध्याकाळी सगळ्यांनी ऐकलं. सुमन अप्रतिम वाजवते, हे मी आजही नि:पक्षपणे सांगेन. पण नीलने मध्येच थांबवलं. डब्याच्या आधीची सहा मिनिटं, सगळ्याच्या तळाशी, एक खोल, संथ, घरघरता खर्ज अखंड लागला होता. डबा वाजताच तुटला होता.

"हे कुठलं वाद्य?" मी जाणकारीने विचारलं.

मुक्ता छताकडे बघत होती. नीलने माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"बाबा," तो म्हणाला, "हे मात्र अगदी मनापासून आहे."