उत्तम प्रगती

कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास मारणारी फाईल हाती आली आणि मी वीस वर्षांपूर्वीच्या कोथरूडमधल्या लेखनवर्गात जाऊन बसले. आईवर लेख लिहायचा होता. खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई बोलायची, तसंच मी उतरवलं होतं. सरांनी लाल पेनानं तिचं वाक्य न् वाक्य खोडलं. "अहो, हे स्वयंपाकघरात ठीक आहे." सगळे हसले, मीही हसले. चौथ्या खर्ड्यात आई पुस्तकातल्यासारखी बोलू लागली. शेरा मिळाला, "उत्तम प्रगती."

"माझं काय लिवलंस गं?" आईनं घरी विचारलं.

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले.

आई जाऊन सहा वर्षं झाली. आज फाईलमधला तो चौथा खर्डा माझ्या मुलीनं वाचला. "आजी अशी बोलायची?"

मी हो म्हटलं.