डाळजच्या गोठ्यातली समजूत

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर ज्यांच्या फक्त मिशा दिसतात ते डाळजचे आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. करोनाच्या काळात बारामतीचं घर बंद करून मी त्यांच्या वस्तीवर राहायला गेले होते, तेव्हाची ही हकीकत.

आबांना मधुमेह, त्यात जुना दमा. लस त्यांनी सगळ्यांच्या आधी घ्यायला हवी होती आणि नेमके तेच ऐकत नव्हते. दूध घालणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पांढरा कोट घातलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ आला होता. साखर असलेल्याने लस घेतली की रक्त गोठतं, असं तो सांगत होता. आबांनी तो गणगोतात सगळीकडे पुढे धाडला. शेजारच्या वस्तीवरचे त्यांच्याच वयाचे गृहस्थ श्वास लागून गेले, तरी ते बधले नाहीत.

"अहो, मी घेतलीच ना?" मी म्हणाले.

"वहिनी, तुमचं येगळं. तुमी बारामतीच्या. तुमच्या अंगाला औषधं सोसत्यात."

माझी धाकटी जाऊ, तुमची डाळजची आजी, भाकरी थापत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती भिगवणच्या दवाखान्यात जाऊन लस घेऊन आली.

"कुणाला इचारून?" आबा गरजले.

"गाईला लाळ्या-खुरकूताची टोचता, तवा कुणाला इचारता?"

जनावरांचे डॉक्टर गोठ्यात येतात तेव्हा गाईची मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, आबा स्वतः धरतात. मान खाजवत तिच्या कानाशी म्हणतात, "झालं गं बाय, झालं." लस टोचली की गाय एखाद-दुसरा दिवस मलूल होते, दूध उतरतं. म्हणून काही शेजारी टाळाटाळ करतात. त्यांना आबा दरवर्षी सुनावतात, "दूध परत येतं. गाय मेली तर परत येत न्हाय."

संध्याकाळी जावेला ताप भरला. एरवी स्वतः पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारे आबा तिच्या खाटेपासून हलेनात. गाईला विचारावं तसं पुन्हा पुन्हा विचारत, "खाल्लंस का? पानी प्यालीस का?"

"व्हय. आता रवंथ बी करून दावू का?" ती पांघरुणातून म्हणाली.

दुसरा दिवस तिने झोपून काढला. धारा आबांनी काढल्या. त्यानंतरच्या सकाळी मी आणि आबा गोठ्यात गेलो, तर ती आधीच गाईखाली बसलेली, बादलीत धार वाजत होती. मान न वळवता ती म्हणाली, "दूध आलं बघा परत."

आबा दावणीशी उभे राहिले. मग हातपाय धुतले, धुतलेली टोपी घातली आणि मला म्हणाले, "वहिनी, येता का भिगवणला?"

बादली ठेवून जाऊही बरोबर निघाली. तिथे रांगेत आबा सारखी टोपी काढत होते, घालत होते. विहिरीत उतरलेल्या, नाग हुसकावलेल्या या माणसाला मी घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. घाबरलेले असूनही ते रांग सोडून गेले नाहीत. नर्सने बाही वर केली, तेव्हा जावेने त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "झालं गं बाय, झालं." सुई टोचताना म्हातारा का हसतोय, ते नर्सला कळेना.

घरी आल्यावर आबांनी फोन तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर आपला आवाज पाठवला. "मी आबा बोलतोय. मी धाडलेला व्हिडिओ खोटा हाय. साखर असून मी आज लस घेतली. ज्यांनी माझं ऐकून घेतली न्हाय, त्यांनी आता माझंच ऐकून ती घ्या."

खोटा निघालेला व्हिडिओ गुपचूप पुसून टाकणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आबांनी मात्र कसलीही सबब सांगितली नाही. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि जावेचा तर त्याहून जास्त.

लगेच एकाचं उत्तर आलं, "आबा, लसीतनं चिप बसवली म्हणं! रेंज येतीय का?"

"येतीय. तू कुठं दडून बसलायस त्ये दिसतंय. सकाळी फाट्यावर ये."

सकाळी अंगात कणकण असूनही आबा तोंडाला उपरणं बांधून फाट्यावर उभे होते. लस घ्यायला भिगवणला निघालेली प्रत्येक मोटरसायकल थांबवून लांबूनच विचारत होते, "खाल्लंस का रं?"