आखणीचा हात

ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावर केस परत आले आणि गावानं ठरवलं की मी बरी झाले. झालेच होते, नाही कशाला म्हणू? पण छातीबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे उजवा हात सुजायचा. डॉक्टरांनी मनगटापासून दंडापर्यंत घट्ट बसणारा मोजा दिला आणि बजावलं, सहा महिन्यांनी नवा घ्यायचा. सांगायला काय जातंय त्यांचं!

आमच्या घरात तेव्हा माझ्या सोन्याच्या बांगड्या उपचारात गेल्या होत्या, मुलीचं कॉलेज कसंबसं चालू होतं. नवरा रोह्याला कंपनीत ठेकेदाराकडे, माझ्यापायी दोन-दोन शिफ्ट करून वाळून गेलेला. वर तपासणीसाठी मुंबईच्या खेपा होत्याच. त्याच्याकडे मोज्याला पैसे मागायला माझी जीभ रेटेना. मोजा सैल पडला तशी मी त्याला मशीनवर टीप मारली, ब्लाऊजला मारतात तशी. स्वतःवर काय खूश झाले मी! ती टीप दंडात रुतली आणि खालचा हात दुधीसारखा फुगला.

माझी सगळी मजुरी त्याच हातावर. हमरापूरच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे आखायची. अंगाचा रंग कुणीही मारतं, डोळ्यांना कसलेला हात लागतो, म्हणून त्याची मजुरी जास्त. डावी पापणी जराशी झुकती ठेवायची माझी सवय. पेणची गिऱ्हाइकं म्हणायची, हा आपल्याकडेच बघतो. डोळ्यांचं काम सुटलं तर तपासणीची खेप चुकणार हे मला ठाऊक होतं. म्हणून नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून बसायची. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली.

एक दिवस सकाळी लवकर गेले, तर माझ्या जागेवर माझी मोठी जाऊ, तिथंच अंगाच्या रंगाला बसणारी. समोर मी आदल्या दिवशी आखलेले गणपती. त्यांच्या डोळ्यांवर पांढरा रंग लावून ती नव्यानं आखत होती.

माझं डोकंच फिरलं. "ताई, माझ्या पोटावर पाय देतेस?"

ती उठलीसुद्धा नाही. "ओरडू नको गो. बायका यायच्या आत अजून चार करायचे हायत."

"कधीपासून चाललंय हे?"

"होळीपासून. तुजा हात थरथरतो, ते मला दिसत नाय व्हय?"

"शेठला कळलं तर?"

"किल्ली कोणी दिली मग मला?"

मी तिथंच बसले आणि पोटभर रडले. दुखण्यात रडले नव्हते तेवढी रडले. मग पहिल्यांदा कुणासमोर बाही वर केली. जावेनं ती टीप बघितली.

"हा काय ब्लाऊज हाय?" म्हणाली, आणि ब्लेड घेऊन एकेक टाका उसवायला लागली. कातडीला धक्का लागू दिला नाही. दोघींनाही मग हसू आलं.

घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं माझी बाही वर करून हात बघितला. मग म्हणाला, "मी परका हाय का?" त्याच आठवड्यात नवा मोजा आणला.

मी अंगाच्या रंगाला बसले, जाऊ डोळ्यांना. डोळ्यांची मजुरी तिनं अर्धी माझ्या हातात कोंबली. नको म्हटलं तर डाफरली, "शिकले कोणाचं बघून?"

गणपतीच्या तोंडावर पेणची एक जुनी गिऱ्हाईक बाई आली. मूर्ती निरखून म्हणाली, "डोळे तुम्हीच आखलेत ना? लगेच ओळखले."

मी बघितलं. डावी पापणी जराशी झुकती होती.

"नाय हो, माझ्या जावेनं," मी म्हटलं, आणि मोजा घातलेला हात पुढं करून पलीकडे बसलेल्या जावेकडे बोट दाखवलं.