बटाट्याचं पथ्य

पोलंडमधल्या एका औषध कारखान्यात बोगुमिवाने सव्वीस वर्षं एकच काम केलं: गोळ्यांच्या मिश्रणात बटाट्याचं स्टार्च घालायचं. त्याने गोळी पोटात गेली की लगेच फुटते.

तिच्या नवऱ्याला, झेनॉनला, मधुमेह झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बटाटा बंद केला. झेनॉन रोज बहिणीकडे जाऊन बटाट्याची धिरडी चापायचा. एकदा बोगुमिवा बोलता बोलता गोळीत काय असतं ते सांगून बसली. झेनॉनने गोळ्याच सोडल्या.

"अगं, पथ्य म्हणजे पथ्य!"

"मेल्या, चिमूटभर असतं त्यात!"

"असेना. बटाटाच ना?"

दुसऱ्या दिवशी बोगुमिवाने बटाट्याच्या धिरड्यात गोळी दडवून ताट पुढे केलं. झेनॉनने पथ्याचं नावही काढलं नाही; वर साय मागितली.