चाक हलवा, मगच डोंगर चढा

दुकानात काळं ग्रीस साठतं ना, तसे किस्से साठतात. एक पुसायला जावं तर दुसरा हाताला लागतो. पुंडलिकनगरात माझं सायकलचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळचं. आधी साध्या सायकली यायच्या. आता डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या येतात, आणि त्यांच्यासोबत शिकलेली माणसं येतात. शिकलेल्या माणसांचे किस्से लवकर साठतात.

ह्या सायकलींच्या टायरमध्ये ट्यूब नसते. आत पांढरं औषध ओततात. काटा घुसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं आणि हवा आतच राहते. त्याला सीलंट म्हणतात. मी चीक म्हणते, कारण सोयगावला माहेरी रुईचं पान तोडलं की अस्साच निघायचा. चिकाची खोड एकच, आपल्याकडच्या उन्हात तो तीन-चार महिन्यांत वाळतो. टायर वरून गुटगुटीत, आत खडखडाट.

म्हणून माझा नियम आहे. दर रविवारी सकाळी माझी गिऱ्हाइकं मिळून डोंगरात सायकली घेऊन जातात, निघायच्या आधी सगळ्यांनी दुकानासमोर चाक कानाशी धरून हलवायचं. डुचमळलं तर जा. नाही डुचमळलं तर गुमान आत या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं, बाई नारळ विकायला बसली.

*

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. चीक घालायचा तर व्हॉल्वची पिन काढायची, पिचकारीनं आत सोडायचा आणि पिन परत बसवायची. लहान लेकराचं काम. पण डॉक्टरांना ते लांबण वाटलं. त्यांनी दवाखान्यातली सुई आणली आणि टायरच्या बाजूला सरळ टोचली. चार ठिकाणी!

चष्म्यावर पांढरे शिंतोडे घेऊन दुकानात आले. म्हणाले, सुई लई बारीक होती हो काकू, काही व्हायला नको होतं.

मी म्हटलं, "पेशंटच्या हिरडीत सुई देता ती तोंड उघडून देता का गाल फोडून?"

बाजूचं रबर पातळ असतं, तिथली भोकं चीक काही धरेना. नवं टायर घ्यावं लागलं. आता डॉक्टर पिचकारी हातात घेतली की आधी माझ्याकडं बघतात.

*

कुलकर्णी सर रिटायर. आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांनी विसरू नये म्हणून अमावस्या धरली. दर अमावस्येला दोन्ही चाकांत एकेक माप चीक. वर्षभर एक अमावस्या चुकली नाही.

मग सरांचा दम कमी झाला. चढ आला की उतरून चालायचे. गुडघ्याला तेल झालं, रक्त तपासून झालं, ताकदीच्या गोळ्या झाल्या. एकदा पंक्चर म्हणून चाक माझ्याकडं आलं. उचललं तर भरलेली घागर! टायर उघडलं, आत वाळलेल्या सायीचे थर आणि वर तांब्याभर चीक.

सर म्हणाले, मी तर नियमानं टाकत आलो.

मी म्हटलं, "टाकलंत, पण आधीचं काढलंत कधी? सर, पोरांना नुसती बेरीजच शिकवली का, वजाबाकी नाय?"

टायर धुऊन दिलं. पुढच्या रविवारी सर डॉक्टरांच्या पुढं. गोळ्या त्यांनी घरी न सांगताच बंद केल्यात.

*

विशाखा सिस्टर एका दवाखान्यात नर्स. मध्ये तिला डबल ड्यूटी लागली, सायकल तीन-चार महिने बाल्कनीत एकाच जागी उभी. चीक खाली जमला आणि तिथंच वाळला. परत बाहेर काढली त्या पहिल्याच दिवशी चाक धडधड उड्या मारायला लागलं. मी टायर उघडून लिंबाएवढा गोळा बाहेर काढला.

सिस्टरनं तो हातात घेऊन बघितला. म्हणाली, "काकू, गाठ आहे. तपासायला पाठवू का?"

मी म्हटलं, "काही गरज नाय. आळसाची आहे."

तिचं तोंड उतरलं. मग स्टुलावर बसून तिनं खरं सांगितलं. फुलंब्रीच्या पुढच्या डोंगरात आमची मंडळी जाणार होती, तिलाही जायचं होतं. तिच्या नवऱ्याची अट होती: जायचं तर जा, पण मध्येच अडकलीस आणि 'न्यायला या' म्हणून एकदा जरी फोन आला, तर सायकल गावी पुतण्याला देऊन टाकायची. ही बया व्हय म्हणून बसली होती!

मला राग आला. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा आला, त्याहून हिचा आला. म्हटलं, व्हय म्हणालीस ना, मग आता शीक. दोन्ही टायरं तिच्याच हातानं खरवडून घेतली, नवा चीक तिच्याच हातानं भरला. बजावलं, काटा घुसलेला दिसला तरी उपटायचा नाही, आहे तिथं राहू द्यायचा. हवा गेलीच तर भोक खाली करायचं, चीक तिथं जमू द्यायचा, आणि घाई करायची नाही.

*

रविवारी चढावर सिस्टरच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. हवा काही गेली नव्हती. ती खाली उतरून बघतेय तोवर डॉक्टर वाकले आणि दोन बोटांत धरून काटा उपटला. सवय हो! दिसला की काढायचा.

फुस्स करून पांढरी धार उडाली. टायर बसायला लागलं. डॉक्टर घाबरले, म्हणाले, दाजींना फोन लावतो, तुमच्या फोनवरून नको, माझ्या फोनवरून लावतो.

सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, हात मागं घ्या. ह्या पेशंटला आता कोणी हात लावायचा नाही."

तिनं भोक खाली केलं, वर बोट दाबलं आणि बसून राहिली. सरांनी मनातल्या मनात आकडे मोजले म्हणे, दोनशेपर्यंत. बोट काढलं तर भोकावर पांढरा ठिपका, कोरडा. पंप मारला आणि डोंगर चढली.

*

परतताना फुलंब्री यायच्या आधीच तिचा फोन वाजला. दाजी. ही अडकणारच असं धरून मोटरसायकल घेऊन तिच्या मागं निघाले होते, सायकल बांधायला दोरीसुद्धा घेतली होती. फुलंब्री ओलांडली आणि त्यांच्याच गाडीच्या मागच्या चाकात खिळा गेला. रविवार, जवळचं पंक्चरचं दुकान बंद. उन्हात उभे. तू कुठं आहेस, लवकर ये म्हणाले.

सिस्टर पोचली. पुढच्या दुकानापर्यंत दाजींनी गाडी ढकलली आणि ही बाजूनं सायकलवर, हळूहळू.

दुपारी ती दुकानात आली. हेल्मेट काढलं, तांब्याभर पाणी प्याली. मी विचारलं, मग, त्यांना काय म्हणालीस?

"काही नाही काकू. एवढंच विचारलं, 'न्यायला ये' म्हणून फोन तर तुमचा आला, मग आता मोटरसायकल पुतण्याला द्यायची का?"